एकशे बारा पूर्णांक चार

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते फाडून टाकलं नसशील, तर वाच. फाडलं असशील तर प्रश्नच मिटला.

एकोणीस वर्षांनी लिहितेय आणि कारण अगदीच किरकोळ आहे. या महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. प्रयोगशाळेतली माझी खोली रिकामी करून हवीय त्यांना. नवे विभागप्रमुख रोज दारात उभे राहून "सावकाश होऊ द्या मॅडम" म्हणतात आणि टेप घेऊन भिंती मोजतात. काल खिडकीजवळचं कपाट उघडलं. तेच, ज्याची किल्ली तू दोनदा हरवलीस आणि दोन्ही वेळा माझ्यावर ढकललंस. आत तुझं सामान निघालं. पांढरा कोट, पितळी चिमटा, तुझी हिरवी वही. आणि एका खोक्यात काळ्या कागदात गुंडाळलेल्या सात छोट्या काचेच्या बाटल्या, तोंडं वितळवून कायमची बंद केलेल्या.

हे सगळं टाकून देऊ की पाठवू, एवढंच विचारायचं होतं.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, तोंडाचा पट्टा मात्र पूर्वीसारखाच चालतो. तू रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख झालीस हे उडत उडत कळलं होतं. बरं वाटलं.

जुनं काही उकरायचं नाहीये मला. सामानाचं तेवढं कळव.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण रोज पोस्टाची पेटी दोनदा उघडून बघतेय, त्याला काय म्हणायचं?

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. त्या बाटल्यांवरचा काळा कागद मी तोपर्यंत काढलाच नव्हता. काढायची हिंमत होत नव्हती म्हण. तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या वाचल्या, एक ते सात, आणि खोकं तसंच बंद केलं. आपले काचवाले काका आठवतात ना, फुंकनळी घेऊन बसायचे ते? तेही आता म्हातारे झालेत, पण महिन्यातून एकदा सगळ्यांना भेटायला येतात. त्यांना खोकं दाखवलं. लगेच म्हणाले, "अहो, ही तर माझी तोंडं!" म्हणजे बाटल्यांची. मग सांगायला लागले की तू इथे शेवटची आलीस त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे धावत गेलीस आणि म्हणालीस, काका, एवढी बंद करून द्या आणि ताईच्या कपाटात ठेवा. त्यांनी गमतीत विचारलं, अत्तर आहे का गं? तर तू म्हणालीस, "नाही, पुरावा." आणि हसलीही नाहीस. ते म्हणतात, म्हणून लक्षात राहिलं, कारण तू न हसता बोललीस असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

मग मात्र मी कागद काढला.

सातही बाटल्यांत दोन थर आहेत, भिंगरी. वर एक, खाली एक, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. पहिल्या बाटलीत खालचा थर जाड, सातवीत वरचा. मी तिसरी हलवली तर दुधट झाली. टेबलावर ठेवून समोर बसले. दहा मिनिटांत रेघ पुन्हा जागेवर आली.

"दुधट." तुझ्या वहीत तोच शब्द आहे, सात वेळा. तू मला येऊन सांगितलंही होतंस, "ताई, सगळ्याच दुधट होतायत गं." मी म्हटलं होतं, बुडबुडे असतील, ढवळणी कमी कर. उजेडाने इलेक्ट्रोड बिघडतात म्हणून आपण बाटल्यांना काळा कागद लावायचो, आणि ढवळणी थांबवायचा तर प्रश्नच नव्हता. थर दिसणार कसे? ना तुला दिसले, ना मला. पण तुझ्या मोजायच्या यंत्राला कळलं होतं.

आज एवढंच.

ताई

८ मार्च

प्रिय भिंगरी,

परवा तुझ्या घरी फोन केला. भाचीने उचलला. मी कोण हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आई आंघोळीला गेलीये." नंतर आत कुणाशी तरी बोलली आणि परत आली. "आई म्हणते, पत्रं मिळाली." बास. आंघोळीतून बरी बोललीस! पण मुलगी गोड आहे. मी तिला सोडलं नाही, तू कशी आहेस वगैरे विचारत बसले. ती म्हणाली, आई कामावर प्रत्येक तपासणी दोनदा करते आणि दुसऱ्या वेळी कुणाला तरी शेजारी उभं करून आकडा वाचायला लावते. सगळे तिला हसतात, म्हणे. मी फोन ठेवला. हे तुला मी शिकवलंय. माझ्याशिवाय कुणी नाही.

म्हणून आता सगळं लिहिते. तुला माहीत असलेलंच आहे, पण मी ते कधी माझ्या तोंडाने बोलले नाही.

आठवतं, आई विचारायची, "तुम्ही दोघी दिवसभर करता तरी काय?" आणि तू सांगायचीस, "पाण्यात मीठ किती घातलं ते काटा सांगतो. पाण्याला ते किती जाणवतं ते आम्ही सांगतो." आई म्हणायची, "त्याला यंत्र कशाला? जिभेला कळतं की." सक्रियता गुणांकाची इतकी सोपी व्याख्या मला तीस वर्षं शिकवूनही जमली नाही.

नुसत्या पाण्याचं काम सगळ्यांनी करून झालं होतं. पाण्यात अल्कोहोल मिसळलं की मिठाचं काय होतं, ते कुणालाच धड मांडता येत नव्हतं. मी समीकरण मांडलं. दोन बरण्या ठरवून दिल्या, एकीत पाणी आणि भरपूर मीठ, दुसरीत अल्कोहोल जास्त आणि मीठ नावापुरतं. त्या सात वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळायच्या आणि मोजायच्या. माझं समीकरण म्हणत होतं की मधे सक्रियता चढणार आणि मग उतरणार. ती टेकडी मी आलेखाच्या मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची मी ती, लहान मुलाने चित्र दाखवावं तशी.

आणि तू यंत्रावरून वाचून आणलंस एकशे बारा पूर्णांक चार मिलिव्होल्ट. पहिल्या बाटलीत ११२.४, दुसरीत ११२.४, तिसरीत ११२.५, मग पुन्हा ११२.४. सात बाटल्यांत एकच आकडा. कुठली टेकडी नि कुठलं काय, सपाट मैदान.

आई त्या आठवड्यात दवाखान्यात होती. तू रात्री तिच्यापाशी आणि दिवसा माझ्यापाशी. मी रोज म्हणायचे, उद्या मी जाते. एकदाही गेले नाही.

मी तुझी वही बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आईचं निमित्त करून घरी बसून आकडे भरलेस ना?" तू म्हणालीस, "ताई, शपथ, यंत्र हेच सांगतंय." मी म्हटलं, "मग यंत्राला तरी लाज वाटायला हवी होती." त्यावर दोघेजण हसले. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच असावं.

प्रयोगशाळेत मला अजून येऊ देतात. काल तिथे मी चौथी बाटली फोडली. काकांनीच मान कापून दिली. वरचा थर वेगळा मोजला, खालचा वेगळा. खालच्या थरात मीठ वरच्याच्या दहापट आहे. यंत्र नवं, इलेक्ट्रोड नवे. खाली ११२.६, वर ११२.६.

द्रावण फुटून थर झाले की मीठ एकीकडे जास्त असो, दुसरीकडे कमी, त्याचं जाणवणं दोन्हीकडे सारखंच. माझ्या दोन बरण्या नेमक्या अशा दोन थरांच्याच निघाल्या, मग कशाही मिसळा, आकडा तोच येणार. येणारच! समीकरणात टेकडी आली म्हणजेच द्रावण फुटणार, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून द्यायचे. स्वतःच्या भिंतीवर लावलेलं मात्र मला वाचता आलं नाही.

तू खरी होतीस. सातही वेळा खरी होतीस.

ताई

२१ मार्च

प्रिय भिंगरी,

आता अवघड भाग आलाय. सोबतचा टाइप केलेला कागद बघ. ज्या नियतकालिकात आपला लेख छापला होता त्यांना पाठवायची दुरुस्ती आहे ती. त्यांना दोन्ही लेखिकांच्या सह्या हव्यात, एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत.

तू म्हणशील, दुरुस्ती कशाची? सपाट आकडे तर आपण छापलेच नव्हते. तेच तर.

त्या दिवशी दोन वाजता मी तुला म्हणाले होते, "सातही पुन्हा मोज. त्याशिवाय इथून हलायचं नाही." चार वाजता तू सात नवे आकडे घेऊन आलीस. माझ्या टेकडीवर अगदी मोत्यांच्या सरासारखे बसले ते. मी तुझ्या पाठीवर थाप मारली, "बघ, मन लावून केलं की येतं!" तुला बसवलं, चहा मागवला, आलेखावर एकेक ठिपका लावून दाखवला. पाच वाजून गेल्यावर तू उठलीस. आई त्याच संध्याकाळी गेली. तेराव्या दिवशी तुझा राजीनामा आला आणि तू मला एका शब्दाने काही बोलली नाहीस. शाबासकी दिली तर ही निघून गेली, असं मी लोकांना कित्येक वर्षं सांगत होते. मला खरंच कळत नाही असा चेहरा करून.

आता वही पुन्हा नीट बघितली. ते दुसरे आकडे समीकरणाशी इतके जुळतात की यंत्राचा काटा स्वतःच त्याहून जास्त हलतो. मोजलेले आकडे असे नसतात. भिंतीवरच्या आलेखावरून पट्टीने वाचलेले असतात. हे माझ्या आत्ता लक्षात आलं, इतकी वर्षं त्यांच्याकडे पुन्हा बघितलंच नव्हतं.

मी तुला दोष देत नाहीये गं. खरं बोललीस तेव्हा तुला खोटं ठरवलं, आणि खोटं आणून दिलंस तेव्हा चहा पाजला. हे माझंच पाप आहे.

पण हे जसंच्या तसं छापलं तर तुझं काय होईल याचा विचार केला. "या बाईने आकडे बनवले होते" असं कुठे छापून आलं, तर रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तुला एक दिवस तरी ठेवतील का? म्हणून मी दुरुस्तीत लिहिलंय: "पहिले सात आकडे बरोबर होते. ते बदलून छापलेले आकडे मी स्वतः बनवले." माझं काय जातंय? निवृत्त झालेय. फार तर दोन-चार लोक रस्ता बदलून जातील.

तू फक्त सही कर. आणि जमलं तर एक ओळ लिही. मी तिकडे येऊ का? सकाळची गाडी आहे, संध्याकाळी परतही येता येतं. दारात उभं नको करूस एवढंच.

तुझी ताई

२ एप्रिल

ताई,

तुझा कागद परत पाठवतेय. सही केली आहे. त्याआधी लाल पेनाने दुरुस्त केला आहे, मुलांच्या वह्या तू करायचीस तसा.

"मी स्वतः बनवले" हे खोडलं. ते आकडे मी बनवले. तुला पुण्य मिळवायचं असेल तर दुसरीकडे मिळव, माझ्या खोट्यावर स्वतःचं नाव घालू नकोस. माझ्या वरच्या डॉक्टरांना मी परवा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तुम्ही दोनदा मोजता होय!" नोकरीचं काय करायचं ते बघू म्हणाले. मला त्याची भीती नाही. एकोणीस वर्षं ज्याची भीती वाटत होती ते सांगून झालं.

मी आकडे का बनवले हे तू तुझ्या मनाने लिहिलंस. तू ओरडलीस म्हणून नाही, शाबासकीसाठी तर मुळीच नाही. दीड वाजता दवाखान्यातून फोन आला होता, लवकर या. मी तुला सांगायलाच आले होते. तुझ्या हातात वही होती आणि सगळे हसत होते. सातही पुन्हा मोजायचे म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता. म्हणून पट्टी घेतली. पहिल्यांदा लावली तेव्हा हात चालेना. आपण आयुष्यात तेवढीच तर एक गोष्ट नीट करत होतो. चार वाजेपर्यंत लागले मला सात खोटे आकडे लिहायला.

मग तू चहा मागवलास.

फोन आल्याचं तेव्हा का सांगितलं नाही, असं विचारशील. तुला वाटलं असतं मी आईचं निमित्त करतेय.

आई सव्वापाचला गेली. मी पावणेसहाला पोचले. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "साडेचारपर्यंत चांगली शुद्धीत होती हो, दाराकडे बघत होती."

बाटल्यांतले थर मी कधी पाहिले नाहीत. काकांकडे दिल्या त्या कागदासकटच. पुरावा म्हणाले खरी, पण पुढे पुढे माझाही विश्वास उडाला. वाटायचं, जागरणं झाली होती, यंत्र नीट लावलं नसेल, ताई म्हणते तेच बरोबर असेल. तुझं दुसरं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि इतकी रडले की मुलगी घाबरली.

तू येऊ नकोस. बाटल्या पाठव. मला बघायच्या आहेत.

आणि एकच विचारते. प्रत्येक बाटली स्थिर व्हायला तीन तास लागायचे. हा नियम तूच घालून दिला होतास, भिंतीवर लिहून. सात बाटल्या, एकवीस तास. मी दोन तासांत आले. तू म्हणतेस, तुझ्या आत्ता लक्षात आलं.

तेव्हा कळलं होतं की नाही?

९ एप्रिल

भिंगरी,

हो. कळलं होतं.

तू दारात आलीस तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं होतं. चारला पाच कमी होते. वही उघडायच्या आधीच मला कळलं. मग वही उघडली, टेकडी दिसली, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. तुला थांबवून घेतलं ते कौतुकासाठी नव्हतं. तू लगेच गेली असतीस तर तो खोटेपणा माझ्या एकटीच्या टेबलावर राहिला असता आणि मला त्याचं काहीतरी करावं लागलं असतं. तू समोर बसून ठिपके लावताना बघितलेस की तो दोघींचा होणार होता. म्हणून चहा मागवला. तू दोनदा दाराकडे बघितलंस. तेही मी बघितलं होतं.

आई तिकडे दाराकडे बघत होती आणि तू इकडे. मधे मी बसले होते, बिस्किटं घे म्हणत.

दुरुस्तीच्या कागदावर तुझ्या लाल ओळीखाली मी एक ओळ घातली आहे: "आकडे बनवलेले आहेत हे पहिल्या लेखिकेला छापण्यापूर्वी माहीत होतं." खाली सही करून आज पाठवला. या वेळी त्यात खोटं काही नाही, दोनदा वाचून बघितलं. शेजारी काकांना उभं करून मोठ्याने वाचून घेतलं.

मी येणार नाही. पुन्हा विचारणारही नाही.

बाटल्या कापसात बांधून पाठवतेय. पोहोचल्या की दुधट दिसतील, घाबरू नकोस, प्रवासाने हललेल्या असतील. खिडकीपाशी टेबलावर ठेव आणि दहा मिनिटं बस. मुलीलाही बोलव. तिला सांग, हे तुझ्या आईने मोजलं होतं, न बघता.

सात होत्या. एक मी मोजायला फोडली. खोक्यात पाच आहेत. एक मी ठेवून घेतली आहे, तुला न विचारता.

ताई